खोलीत कोणी नको

नाडी १३४

खोटं बोलायचं ते गाडीतच ठरलं. गाडी धाकटी बहीण चालवत होती. थोरला भाऊ तिच्या शेजारी. मागच्या सीटवर मधला आडवा, डोकं बायकोच्या मांडीवर, तोंडाखाली पॉलिशच्या खोलीतली बादली.

थोरला मागे न बघता म्हणाला, "दवाखान्यात एवढंच सांगायचं. खाण्यात काहीतरी आलं. बाकी मी बघतो."

धाकटी बोलली नाही. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्टिअरिंग हातात असताना कुणाशी वाद घालायचा नाही, हा तिचा धंद्याचा नियम. मधल्याची बायकोही बोलली नाही. ती पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर बसते आणि समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय तोंड उघडत नाही. थोरल्यानं तो होकार धरला.

म्हणून दवाखान्यातला फॉर्म असा भरला गेला.

काय झालं?

"खाण्यात काहीतरी आलं," थोरला म्हणाला.

कधीपासून?

"सकाळी चांगला होता. बैठकीला बसला होता की आमच्यात."

दारू?

"आमच्या घरात कुणी पीत नाही."

"पावणेबाराला उघडली, साडेबाराला संपवली," मधल्याची बायको म्हणाली. "अख्खी. एकट्यानं."

"अगं ए, काय बोलतेस तू?"

कोणती दारू?

तिनं पर्समधून रिकामी बाटली काढली आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली. "ही. भाऊजींच्या ऑफिसच्या कपाटातली. गिऱ्हाईकानं भेट दिलेली."

डॉक्टरबाईंनी थोरल्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. त्या म्हणाल्या, "कपड्यांना लाखेचा वास येतोय. फर्निचरचं पॉलिश करता ना? स्पिरिट तर प्यायले नाहीत? ते असेल तर सगळे उपचारच वेगळे."

"नाही. ते रोज सकाळी स्पिरिटच्या डब्यावर पेन्सिलीनं रेघ मारतात. मी बघून आले. स्पिरिट रेघेलाच आहे."

"तरी रक्त तपासणारच मी."

"तपासा."

गोळ्या वगैरे?

"खांदा दुखतो म्हणून. दिवसाला चार. कधी सहा. सहा महिने झाले." पुन्हा पर्स. रिकामी पाकिटं रबरबँड लावून ठेवली होती.

पोटात काही होतं?

"सकाळपासून दोन चहा. काल रात्री ताट तसंच उचललं मी."

घरात पूर्वी कुणाला पोटाचा असा त्रास?

"नाही," थोरला म्हणाला.

ह्या प्रश्नापाशी मधल्याची बायको अडली. तिला माहीत नव्हतं. फक्त संशय होता. खिडकीवर संशय लिहून घेत नाहीत. "सासूबाई येतील, त्यांना विचारा," ती म्हणाली. ती ओळ रिकामी राहिली.

नाडी १२६

थोरला पलंगाच्या कठड्याला धरून उभा होता. बाविसाव्या वर्षी त्यानं कारखाना अंगावर घेतला, आणि तेव्हापासून घरातलं कुणीही दवाखान्यात पडलं की हा असाच कठडा धरून उभा राहिला आहे. ह्याला घरात हजेरी म्हणतात. आजोबांनी घालून दिलेली रीत. आजारी माणूस एकटा ठेवायचा नाही, रक्ताच्या सगळ्या माणसांनी भोवती उभं राहायचं. आणि कुठलाही निर्णय असाच, सगळे एका खोलीत असताना. प्रत्येकानं तोंडानं 'हो' म्हणायचं. शेवटचा 'हो' येईपर्यंत कुणी उठायचं नाही. मुलगे मोजायचे, मुली मोजायच्या. सुना मोजायच्या नाहीत. आई मोजली जाते ती बाबांच्या जागेवर.

आज सकाळी तीन 'हो' आले, थोरल्याचा, धाकटीचा आणि आईचा. मधला म्हणाला, जरा जाऊन येतो. तिघंही बसून राहिले. रीत होती ती. पाऊण तास बसले.

उद्या आठला ट्रक येणार. त्यातून फवारणीचं यंत्र उतरणार, आणि ते ठेवायला हातपॉलिशचा बाक निघणार. मधल्याचा. त्याआधी बाबांचा. ह्यात दुष्टावा कुठे होता? हातानं एका टेबलाला बारा दिवस लागतात. यंत्राला दीड. मधल्याचा खांदा गेला आहे, त्यालाच सुख होईल. थोरल्यानं हे मधल्याला निदान चाळीस वेळा समजावलं होतं. दर वेळी मधला म्हणायचा, बघू.

आत्ता त्याचे डोळे अर्धे उघडे होते. थोरला वाकला.

"ऐकतोयस? कशाला त्रास करून घेतोस जिवाला? एकदा हो म्हण आणि मोकळा हो. मग झोप निवांत."

हे त्यानं प्रेमानं म्हटलं. खरोखर प्रेमानं.

मधल्यानं हात झटकला. सलाइनची नळी ताणली गेली, चिकटपट्टी सुटली, चादरीवर रक्ताची माळ. मग तो कुशीवर वळला आणि ओकला. ह्या वेळी काळसर, दाणेदार, आणि त्यात लाल.

मॉनिटर ओरडायला लागला. सिस्टरनं थोरल्याला खांद्यानं बाजूला केलं. "सरका! सगळे बाहेर!"

"मी भाऊ आहे त्याचा."

"दिसतंय ते. सरका."

(ह्या वेळी नाडी मोजता आली नाही)

व्हरांड्यात लोखंडी बाकं होती आणि पाण्याचं एक मशीन, त्यावर 'बंद आहे' असा कागद. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कोपरापाशी डाग होता.

"कोणी विचारणार आहे का मला काही? नसेल तर मीच सांगते. दारूनं पोटाचं अस्तर सोललंय. पण एका बाटलीनं इतकं होत नाही. सहा महिने गोळ्या, वर उपास, वर ताण. माणूस सतत धसक्यात राहिला तर शरीर पोटाकडचं रक्त कमी करतं. अस्तर रोज स्वतःची डागडुजी करत असतं, तिला रक्तच पुरत नाही. तशा पोटात आज हे ओतलंय."

"मग झोपेचं इंजेक्शन द्या की," थोरला म्हणाला. "पडून राहील शांत."

"तेच देता येत नाही ना. दारूनं श्वास आधीच मंद आहे. वर गुंगी दिली आणि श्वास थांबला तर?" त्यांनी हात पुसले. "दुर्बीण घालून रक्त कुठून येतंय ते बघायचंय. त्याआधी रक्तदाब टिकायला हवा आणि ते स्वस्थ पडायला हवेत. आणखी एक. त्यांची नाडी मधेच पळते. रक्त गेल्यानं पळते तशी माणूस घाबरला तरी पळते. दीड तासात दोनदा मला वाटलं, पुन्हा सुटलं. दोनदा धावले. फरकच कळत नाहीये मला. शांत करायला माझ्याकडे औषध नाही. खोली आहे फक्त."

"म्हणजे?"

"म्हणजे खोलीत कोणी नको."

थोरला हसला. चिडलेला माणूस हसतो तसं. "आमच्यात आजारी माणसाला एकटं टाकत नाहीत, डॉक्टर."

डॉक्टरबाई आत गेल्या. मधल्याची बायको एवढा वेळ ऐकत होती. आता ती बोलली.

"भाऊजी, पहिला थर ओला असताना त्यावर दुसरा हात मारला तर काय होतं?"

"खालचाही उठतो." हे उत्तर त्याच्या तोंडून आपोआप गेलं. कारखान्यातल्या कुणाच्याही तोंडून गेलं असतं.

"मग?"

"मग काय? माणूस म्हणजे टेबल नव्हे."

"नाही ना. टेबलाला तुम्ही चोवीस तास देता."

नाडी ११२, १३१, ११४, १३३

धाकटीनं सकाळी 'हो' म्हटलं होतं. पटलं म्हणून नाही; बारा वाजता तिच्या एका विद्यार्थिनीची परीक्षा होती आणि उठायचं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता दाराच्या काचेतून ती मॉनिटर बघत होती, आणि हळूहळू तिला ते गाडीच्या डॅशबोर्डसारखं वाचता यायला लागलं.

"दादा, आत जा."

"आत्ता तर नको म्हणत होता सगळे."

"एकदा जा. बोलू नकोस. नुसता उभा राहा."

तो आत गेला. ११२ होते ते ११९ झाले, १२५, १३१. धाकटीनं काचेवर टकटक केली. तो बाहेर आला. दोन मिनिटांनी ११४.

"परत जा."

"खुळी झालीस का?"

"शिकाऊ माणसाचा पाय कधी क्लचवर थरथरतो ते मला न बघता कळतं. जा म्हणते ना."

तो गेला. १३३. ह्या वेळी मधल्याचे डोळे मिटलेले होते. पावलांवरून ओळखलं असणार.

"काय चाललंय हे?" मागून डॉक्टरबाई. "माझ्या पेशंटवर प्रयोग?"

"रागवा नंतर," धाकटी म्हणाली. "आधी आकडे बघा. ह्याच्या येण्याजाण्यावर आहेत सगळे."

डॉक्टरबाईंनी बघितले. रक्तदाबाचाही आकडा बघितला. तो खाली आला नव्हता, उलट नाडीबरोबर वर गेला होता. "रक्त गेलं असतं तर हा पडला असता," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग धाकटीकडे वळून, "पुन्हा असलं करू नका." आणि थोड्या वेळानं, "पण बरं केलंत."

थोरला आतून बाहेर आला आणि दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला. गाडीत दोघीही त्याच्या बाजूनं होत्या. आता किती आहेत ते त्याला कळेना.

"तू पण?" तो धाकटीला म्हणाला.

"मी पण काय? मी आकडे वाचले फक्त."

नाडी, मधल्याच्या बाजूनं

कठडा हलतो. कोण आहे ते कठड्यावरून कळतं. दादाचा हात जड. धाकटीचा चुळबुळता. हिचा हात कठड्यावर नसतोच, ही पायाशी उभी राहते.

तोंडात लोखंड.

दादा बाबांसारखा वाकतो.

सकाळी भिंतीपलीकडे ते तिघं थांबले होते. कपबशा वाजत होत्या. कुणी म्हणालं, येईलच. मी लाखेच्या डब्यापाशी उभा. परत गेलो की हो म्हणावं लागणार. न गेलो तर ते बसून राहणार, संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत, आई तशीच ताठ खुर्चीत. दुसरं काही म्हणता येतं हे कुणी दाखवलंच नाही कधी. तीन पिढ्यांत कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

मग कपाट. मग बाटली. वाटलं, हजर पण नको, गैरहजर पण नको.

पोटात कुणीतरी काचपेपर फिरवतंय. उलट्या रेषेनं.

नाडी १२९

आई शेजाऱ्यांच्या गाडीनं आली. ऐंशीची, उंचीला चार फूट दहा, आणि घरातली सगळी उंच माणसं तिच्याकडे मान वर करून बघतात असं वाटावं अशी. मधली सून, मधल्याची बायको, दारात उभी होती, एक तळहात चौकटीवर.

"आई, आत नको."

"हात काढ."

"डॉक्टरांनी सांगितलंय. आणि त्यांनी सांगितलं नसतं तरी मी सांगितलं असतं."

"तुला कुणी विचारलंय?"

"कधीच नाही. म्हणून आज न विचारता सांगते."

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती सुनेच्या हाताखालून सरळ आत गेली. वाकावंही लागलं नाही. तिच्यामागून थोरला घुसला, त्याला धरायला धाकटी, आणि धाकटीला धरायला सून. डॉक्टरबाई खाली रक्तपेढीत फोनवर होत्या. आईनं कठड्यावर हात ठेवला. थोरल्यानं ठेवला.

हजेरी भरली.

हे थोरल्याच्याच लक्षात आलं. सगळे एका खोलीत. त्यानं आवाज खाली आणला. "आई आलीये बघ. सगळे आहेत. एका शब्दाचं काम आहे. म्हणून टाक आणि सुट."

मधल्यानं डोळे उघडले. ओठ कोरडे होते, शब्द सुटायला वेळ लागला.

"नाही."



"काय म्हणाला?" थोरल्यानं धाकटीला विचारलं.

"नाही म्हणाला."

"तो शुद्धीत नाही. दारूतलं 'नाही' धरत नाहीत."

"मग दारूतलं 'हो' कसं धरणार होतास?" आई म्हणाली.



आई आता त्याच्याकडे बघतच नव्हती. मधल्याचा हात गादीच्या कडेला घट्ट आवळलेला होता, नखं पांढरी. हा हात तिनं पाहिला होता. तीस वर्षांपूर्वी, वेगळ्या दवाखान्यात, असाच कठडा. ह्या तिघांचे वडील. पोटातून रक्त जात होतं, आणि भोवती आठ माणसं उभी होती, कारण तिनंच सगळ्यांना निरोप धाडून बोलावलं होतं. दीर वाटणीचं बोलत होते. नणंद रडत होती. तो मुठी आवळून पडला होता. तिला वाटलं होतं, माणसं आली म्हणून बळ आलंय त्याला. संध्याकाळी गेला. घरात आणि बाहेर सांगितलं, हृदय बंद पडलं. दारू म्हणायची नव्हती, म्हणून पोटही म्हणायचं नव्हतं.

तिनं कठड्यावरचा हात काढला.

डॉक्टरबाई दारात आल्या होत्या आणि आता खरोखर संतापल्या होत्या. "हे सगळे आत कसे?"

"जातोय," आई म्हणाली. "आधी लिहून घ्या. सून फोनवर म्हणाली, कुठली ओळ राहिलीये. माझा नवरा पोटातून रक्त जाऊन गेला. दारू होती. महिनाभर झोप नव्हती, जेवण नव्हतं. आम्ही हृदय सांगतो, ते खोटं आहे."

"आई!" थोरला.

"ओरडू नकोस. तुझ्या ओरडण्याचा आकडा दिसतो तिथे." तिनं मॉनिटरकडे हनुवटी केली. मग त्याच्या दंडाला धरलं. "चल, मला घरी सोड."

"आत्ता? अगं, हा असा पडलाय, आणि अजून..."

"अजून काय? त्यानं सांगितलं ते ऐकलं मी. आणि तुला पटत नसेल तर मी नसताना बैठक होत नाही. मी चालले घरी. घेऊन बस आता कुणाची हजेरी घेतोस ती."

"हजेरीतून कुणी उठत नाही, आई. तूच शिकवलंस."

"मी चुकीचं शिकवलं," आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, आणि तिला ते इतकं सोपं गेलं की तिचाच तिला राग आला. "जिने मला उतरवत नाहीत एकटीला. धर."

तो तिला सोडून देऊ शकला नसता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. दारातून जाताना ती सुनेपाशी थांबली. सुनेनं पुन्हा तळहात चौकटीवर ठेवला होता.

"असाच ठेव," आई म्हणाली.

नाडी १०८

साडेपाचला दुर्बीण घातली. घशात फवारा मारून, गुंगी न देता. मधला झोंबला नाही. सिस्टर नंतर म्हणाली, एवढं शहाणं बाळ महिन्यात बघितलं नाही.

डॉक्टरबाई सुनेला व्हरांड्यात भेटल्या. अस्तर सगळीकडे खरवडल्यासारखं झालं आहे, ते गोळ्यांचं आणि आजच्या दारूचं. ते भरून येईल. पण रक्त येत होतं ते एका जुन्या जखमेतून. तळाशी रक्तवाहिनी उघडी पडली होती. तिला चिमटा लावून बंद केलं.

"जुनी म्हणजे?"

"काही महिन्यांची. त्यांना दुखत असणार. सांगितलं नाही कधी?"

"बघू म्हणायचे."

"पुढचे दोनतीन दिवस नाजूक आहेत. पुन्हा सुटू शकतं. आतमध्ये तुम्ही एकट्या थांबा. पण मॉनिटरकडे लक्ष."

नाडी ९२

खिडकीबाहेर गाड्या धुण्याचं केंद्र होतं. संध्याकाळच्या उन्हात एक माणूस बसवर पाण्याचा फवारा मारत होता. ती स्टुलावर बसून ते बघत होती.

"कोण आहे खोलीत?" मधल्यानं विचारलं. आवाज घोगरा.

"कोणी नाही."

"तू आहेस की."

"मी मोजणीत नाही. बावीस वर्षं झाली, तुमच्या लक्षात नाही आलं?"

तो हसायला गेला आणि पोट धरलं. ९५. पुन्हा ९२.

"ट्रक येईल उद्या."

"येऊ दे. तुमच्या बहिणीनं शिकाऊ गाडी कारखान्याच्या फाटकात आडवी लावलीये आणि किल्ली मला आणून दिलीये. मागे पाटी आहे, 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा.' भाऊजी फोन करून ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, ब्रेक जाम झालाय."

"धाकटी असं म्हणाली?"

"वर म्हणाली, सकाळचा माझा हो पण परत घेतला म्हणून सांग."

त्यानं तोंड छताकडे वळवलं. डोळ्यांच्या कडांना पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. त्या हातात सुई होती. मग त्याला काहीतरी आठवलं.

"डॉक्टरांना काय सांगितलंस तू?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"बाटली. किती वाजता, किती. गोळ्या. रिकामी पाकिटं मी महिनाभर गोळा करत होते."

९६.

"महिनाभर? आणि बोलली नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, बघू."

९९.

"म्हणून चव्हाट्यावर मांडायचं? दादाच्या तोंडावर? परक्या बाईसमोर मी कसा लोळत होतो ते..."

"ते तिनं स्वतः बघितलं. मला सांगावं लागलं नाही."

"गंमत वाटते तुला?"

"नाही." ती उठून त्याच्या पायाशी जाऊन उभी राहिली. "रागवा. तुमचा हक्क आहे. आज सकाळी त्या खोलीत रागावला असतात तर इथे नसतात. बाकासाठी मी भांडेन, उद्या, परवा, भाऊजींशी, आईंशी, कुणाशीही. पण दारू संपली. त्या गोळ्या संपल्या. ह्यावर बैठक नाही, हो नको तुमचा मला आणि नाहीही नको."

"म्हणजे तू पण दादासारखीच."

ते तिला लागलं. तिनं उत्तर शोधलं, आणि तिला चांगलं सापडलंही. शोधता शोधता तिची नजर मॉनिटरवर गेली. १०७. तिच्या डोळ्यांदेखत १११.

रक्तदाबाचा आकडाही वर. म्हणजे रक्त नव्हतं. ती होती.

तिनं ते चांगलं उत्तर गिळलं. स्टूल उचललं.

"कुठे चाललीस?"

"बाहेर."

"अगं, मी रागात बोललो. थांब."

"माहितीये. पण तुमचा राग मला आत्ता परवडत नाही. घंटी उशाशी आहे."

तिनं स्टूल व्हरांड्यात नेलं, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ टेकून बसली. पहिली काही मिनिटं तिनं काचेतून बघितलं नाही.  बावीस वर्षांत तिनं ह्या माणसाला रागात एकटं सोडलं नव्हतं. दर वेळी बसून राहिली होती, तो निवळेपर्यंत, आणि त्यालाच ती माया समजत होती.

सिस्टर आत जाऊन औषध बदलून आली.

"पंच्याण्णव," ती म्हणाली. "उतरलीये. जाताय आत?"

तिनं काचेतून पाहिलं. तो दाराकडे तोंड करून पडला होता. तिच्याकडे बघत होता, आणि हातानं, सुईच्या हातानं, आत ये म्हणून खूण करत होता.

"उतरू दे अजून," ती म्हणाली आणि स्टूल होतं तिथेच बसून राहिली.